गुडघ्याएवढा वेलोसिरॅप्टर

१९७१च्या ऑगस्टमध्ये मंगोलियातल्या गोबी वाळवंटात, तुग्रिकिन शिरे नावाच्या जागी, पोलंड आणि मंगोलियाच्या संयुक्त मोहिमेला फिकट वालुकाश्मात दोन सांगाडे सापडले. दोन्ही एकमेकांत अडकलेले. एक प्रोटोसेराटॉप्सचा: मेंढीएवढा, चार पायांवर चालणारा, पोपटासारखी चोच आणि मानेवर हाडाची झालर असलेला शाकाहारी प्राणी. दुसरा वेलोसिरॅप्टरचा: दोन पायांवर चालणारा शिकारी डायनोसॉर. प्रोटोसेराटॉप्सच्या चोचीत वेलोसिरॅप्टरचा उजवा हात घट्ट धरलेला आहे. वेलोसिरॅप्टरच्या डाव्या हाताची नखं प्रोटोसेराटॉप्सच्या डोक्याला भिडलेली आहेत, आणि पायाचं मोठं, वाकडं नख गळ्यापाशी आहे. वाळूची टेकडी वरून घसरली की वादळात दोघे गाडले गेले, यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. पण वाळू इतक्या झपाट्याने आली की चोचीतला हात सुटला नाही आणि गळ्यापाशी टेकलेला पायही हलला नाही.

मंगोलियात हा नमुना राष्ट्रीय ठेवा मानला जातो. वेलोसिरॅप्टरबद्दल काहीही बोलायचं तर सुरुवात याच्यापासून करावी, कारण या एका दगडात त्या प्राण्याचं माप, त्याची हत्यारं आणि त्याची मर्यादा एकाच वेळी दिसते. मेंढीएवढ्या जनावराशी त्याची झुंज बरोबरीची होती, आणि ती त्याने जिंकली नाही.

चित्रपटातला वेलोसिरॅप्टर यापेक्षा फार वेगळा आहे. १९९३च्या ‘जुरासिक पार्क’ने जगभर जी प्रतिमा रुजवली ती आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे: माणसाएवढा उंच, सरड्यासारख्या खवल्यांचा, टोळीने घेरणारा, दाराची कडी उघडणारा. या एकेका गोष्टीमागे खरं काय आहे, आणि ते आपल्याला नेमक्या कोणत्या हाडावरून कळलं, हे बघण्यासारखं आहे. हाड पाहिल्याशिवाय नुसतं ‘चित्रपट चुकला’ म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

आधी मापं. पूर्ण वाढलेला वेलोसिरॅप्टर मंगोलिएन्सिस नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दीड ते दोन मीटर लांब होता, आणि त्यातला जवळपास निम्मा भाग शेपटीचा. कमरेपाशी उंची सुमारे अर्धा मीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत. वजन साधारण १५ ते २० किलो. आपल्या गल्लीत फिरणारं मध्यम चणीचं गावठी कुत्रं तेवढ्याच वजनाचं असतं. कवटी २५ सेंटिमीटरपर्यंत, वीतभराहून किंचित मोठी. अरुंद, लांबट आणि वरच्या बाजूने आत दबलेली, त्यामुळे नाकाड थोडं वर उचलल्यासारखं दिसतं. जबड्याच्या प्रत्येक बाजूला २६ ते २८ दात, एकमेकांपासून अंतर राखून बसलेले. दाताच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते जास्त ठळक आहेत, पुढच्या कडेला कमी. पकडलेलं मांस मागे ओढून फाडायला अशीच रचना उपयोगी पडते.

मग पडद्यावरचा तो मोठा प्राणी आला कुठून? त्याचं उत्तर अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात आहे. १९६४ साली येल विद्यापीठाचे जॉन ऑस्ट्रम यांना तिथे ब्रिजर गावाजवळ एका शिकारी डायनोसॉरची हाडं मिळाली. १९६९ साली त्यांनी त्याला डायनोनिकस हे नाव दिलं. त्याचा अर्थ ‘भयंकर नख’. हा प्राणी सुमारे ३.४ मीटर लांब होता, कमरेपाशी ८७ सेंटिमीटर उंच. वेलोसिरॅप्टरचा जवळचा नातेवाईक, पण जगला त्याच्या कितीतरी आधी, ११ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास, आणि वेगळ्या खंडात. १९८८ साली ग्रेगरी पॉल यांनी आपल्या पुस्तकात या दोघांना एकाच प्रजातीसमूहात बसवलं आणि डायनोनिकसलाही ‘वेलोसिरॅप्टर’ म्हटलं. बहुतेक तज्ज्ञांनी ते मान्य केलं नाही. पण १९९० साली मायकेल क्रायटन यांची ‘जुरासिक पार्क’ ही कादंबरी, जिच्यावर पुढे चित्रपट निघाला, आली ती तेच नाव घेऊन. कादंबरी लिहिताना क्रायटन यांनी आपल्याकडे डायनोनिकसची माहिती विचारली होती आणि वेलोसिरॅप्टर हे नाव अधिक नाट्यमय वाटतं म्हणून ते वापरल्याचं नंतर सांगितलं, असं ऑस्ट्रम यांनी पुढे नोंदवलं. चित्रपट करणाऱ्यांनीही ऑस्ट्रम यांचे डायनोनिकसवरचे शोधनिबंध मागवून घेतले.

म्हणजे पडद्यावर जो दिसतो तो शरीराने डायनोनिकस, नावाने वेलोसिरॅप्टर, आणि मापाने दोघांपेक्षाही मोठा. चित्रपटाच्या सुरुवातीच्या उत्खननात शास्त्रज्ञ मोंटानाच्या मातीतून ‘वेलोसिरॅप्टर’ बाहेर काढताना दाखवले आहेत. खरा वेलोसिरॅप्टर आजवर फक्त मंगोलियात आणि त्याला लागून असलेल्या चीनच्या आंतरिक मंगोलियात सापडला आहे. ही एक चूक नीट समजली की बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

त्याच सुमारास एक विलक्षण योग जुळून आला. १९९१ साली अमेरिकेच्याच युटा राज्यात एका खूप मोठ्या नातेवाईकाची हाडं मिळाली आणि चित्रपट पडद्यावर आला त्याच वर्षी, १९९३मध्ये, त्याचं युटारॅप्टर असं नामकरण झालं. तो पाच-सहा मीटर लांब होता. ‘बघा, एवढा मोठा रॅप्टर खरंच होता’ असं तेव्हापासून सांगितलं जातं. होता, पण तो वेलोसिरॅप्टर नव्हे. अंगाने तो फार जाड, जड हाडांचा. चित्रपटातल्या सडपातळ, चपळ प्राण्याशीही त्याचा बांधा जुळत नाही.

वेलोसिरॅप्टरचा स्वतःचा इतिहास १९२३चा आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची मोहीम रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या नेतृत्वाखाली गोबीत गेली होती. डायनोसॉरची अंडी प्रथम नीट ओळखली गेली ती याच मोहिमेत, त्याच उन्हाळ्यात. बायनझागच्या लाल-केशरी कड्यांमध्ये ११ ऑगस्ट १९२३ रोजी पीटर काइसेन यांना एक चेपलेली पण पूर्ण कवटी मिळाली, आणि तिच्याजवळ एक वाकडं नख. पुढच्या वर्षी हेन्री फेअरफिल्ड ऑस्बर्न यांनी लॅटिनमधले ‘चपळ’ आणि ‘लुटारू’ हे शब्द जोडून त्याला नाव दिलं. ते वाकडं नख हाताचं असावं असं ऑस्बर्न यांना वाटलं. ते पायाचं आहे हे कळायला पुढे चाळीसेक वर्षं जावी लागली, कारण नख पायाला जोडलेल्या अवस्थेत दाखवणारा चांगला नमुना ऑस्ट्रम यांच्या हाती लागला तेव्हाच. सुटी हाडं सापडतात तेव्हा होणारी ही नेहमीची चूक: हाड खरं असतं, जागा चुकते.

काळाचंही सांगायला हवं, कारण ‘जुरासिक’ हा शब्द या प्राण्याला कायमचा चिकटला आहे. जुरासिक कालखंड संपला तो सुमारे १४.५ कोटी वर्षांपूर्वी. वेलोसिरॅप्टर जगला ७.५ ते ७.१ कोटी वर्षांपूर्वी, जुरासिकनंतरच्या क्रिटेशियस कालखंडाच्या उत्तरार्धात. जुरासिकचा शेवट त्याच्यापासून जितका दूर, जवळपास तितकेच आपण त्याच्यापासून दूर आहोत. महाराष्ट्राच्या संदर्भात बोलायचं तर सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हाचा बनला त्याचे मोठे उद्रेक साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. रायगडाचा कडा किंवा अजिंठ्याची लेणी ज्या खडकात आहेत तो खडक तयार झाला तेव्हा वेलोसिरॅप्टर नाहीसा होऊन काही दशलक्ष वर्षं उलटली होती. त्याच्या काळात भारताचा भूखंड समुद्रातलं बेट होता, विषुववृत्ताच्या दक्षिणेला. इथले शिकारी वेगळ्याच कुळातले होते. गुजरातेत रहिओलीला सापडलेला आणि २००३ साली नाव मिळालेला राजासॉरस त्यांपैकी एक: आखूड हातांचा, भरीव डोक्याचा, कपाळावर हाडाचा उंचवटा असलेला. गोबीतल्या या सडपातळ प्राण्याशी त्याचं नातं दूरचं.

आता ते नख. चित्रपटात एक शास्त्रज्ञ लहान मुलाला सहा इंची नखाची भीती घालतो आणि त्याने पोट कसं फाडलं जाईल ते हवेत चिरून दाखवतो. खऱ्या वेलोसिरॅप्टरचं नख बाहेरच्या वळणावरून मोजलं तर साधारण साडेसहा सेंटिमीटर भरतं, आपली चार बोटं जुळवली की जेवढी रुंदी होते तेवढं. हे माप हाडाचं आहे. जिवंतपणी त्यावर आपल्या नखासारखंच शिंगाचं आवरण होतं, त्यामुळे ते अजून थोडं लांब असणार. हे नख पायाच्या आतल्या बाजूच्या, दुसऱ्या बोटावर होतं. चालताना ते बोट वर उचललेलं राही आणि वजन तिसऱ्या-चौथ्या बोटांवर पडे. म्हणून या कुळाच्या पाऊलखुणा तीन बोटांच्या नसून दोनच बोटांच्या उमटतात. दगडावरचा असा दोन बोटांचा ठसा ही त्यांची ओळख.

पण नखाने चिरता येतं का? यासाठी नखाचा आडवा छेद बघावा लागतो. सुरीच्या पात्याला धार असते कारण ते खालच्या कडेला निमुळतं होत जातं. या नखाची आतली कड तशी धारदार नाही, गोलसर आहे. २००५च्या सुमारास फिलिप मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी यंत्राचा पाय तयार करून त्याला नखाची प्रतिकृती बसवली आणि तो डुकराच्या मांसावर जोराने चालवला. नख आत घुसलं, छिद्र पडलं, पण पुढे ओढलं तसं मांस नखाखाली गोळा झालं आणि ओढ तिथेच थांबली. लांब चीर पडली नाही. स्वयंपाकघरात सुरीऐवजी सळईच्या टोकाने कोबी कापून बघावा, तसा तो प्रकार.

मग नख कशासाठी? २०११ साली डेन्व्हर फाउलर आणि सहकाऱ्यांनी आजच्या शिकारी पक्ष्यांच्या पायांशी तुलना करून जे मांडलं ते सगळ्यात पटणारं आहे. ससाणा आणि शिक्रा यांचे पाय शेजारी ठेवून पाहिले तर फरक कळतो. शिक्रा, घार, गरुड या कुळात मागच्या बोटाचं आणि दुसऱ्या बोटाचं नख बाकीच्यांपेक्षा मोठं असतं. शिक्रा सरडा किंवा चिमणी धरतो तेव्हा तिला जमिनीवर दाबून तिच्यावर उभा राहतो, नखं आत रुतवतो, आणि ती धडपडायला लागली की पंख फडफडवून आपला तोल सावरतो. भक्ष्य मरण्याची वाट न पाहता तो खायला सुरुवात करतो. डायनोनिकस-वेलोसिरॅप्टरच्या पायाची रचना याच पद्धतीला जुळते: पकडीची ताकद भरपूर, धावण्याचा वेग त्या मानाने बेताचा. त्यांच्या घोट्याखालचा भाग शहामृगासारख्या धावणाऱ्या डायनोसॉरांच्या मानाने आखूड आहे. आखूड हाडाने वेग कमी होतो, पण दाब वाढतो. चित्रपटात त्याला चित्त्याच्या वेगाने पळणारा म्हटलंय. पायाची हाडं तसं म्हणू देत नाहीत.

आणि पंख फडफडवून तोल सावरायचा तर पंख हवेत. ते होते. हा भाग या सगळ्या गोष्टींत सर्वांत सुंदर आहे असं मनापासून वाटतं, म्हणून इथे जरा थांबू.

पक्ष्याच्या पंखातली मोठी पिसं नुसती कातडीत रुतलेली नसतात. कोपर ते मनगट या भागात दोन हाडं असतात. त्यांतल्या जाड हाडाला अल्ना म्हणतात. मोठी पिसं याच हाडाला स्नायुबंधांनी बांधलेली असतात, आणि जिथे बांधलेली असतात तिथे हाडावर बारीक उंचवटे येतात. रांगेत, समान अंतरावर, शिवणीच्या टाक्यांसारखे. गिधाडाचं अल्ना हाड बोटाने चाचपलं तर ते लागतात. काही पक्ष्यांत ते जवळजवळ नसतातच, त्यामुळे उंचवटे नाहीत म्हणून पिसं नव्हती असं म्हणता येत नाही. पण उंचवटे असतील तर पिसं होती, यात शंका राहत नाही.

२००७ साली अ‍ॅलन टर्नर, पीटर माकोविकी आणि मार्क नोरेल यांनी गोबीतल्या एका वेलोसिरॅप्टरच्या अल्नावर असे सहा उंचवटे असल्याचं दाखवलं. त्यांच्या अंतरावरून हिशेब केला तर त्या हातावर अशी १४ मोठी पिसं बसतात. तो प्राणी सुमारे दीड मीटर लांब आणि १५ किलो वजनाचा होता. एवढं वजन त्या आखूड हातांनी हवेत उचललं जाणं शक्य नाही, म्हणजे तो उडत नव्हता. त्याचे पूर्वज लहान असतील आणि पिसं त्यांच्याकडून आलेली असतील. पण पिसं निरुपयोगी होती असं समजू नये. जोडीदाराला दाखवायला, अंड्यांवर पसरून बसायला, चढावर धावताना आणि धडपडत्या भक्ष्यावर उभं राहताना तोल सांभाळायला ती उपयोगी पडली असतील. गोबीतच ओव्हिरॅप्टरच्या कुळातले डायनोसॉर घरट्यावर हात पसरून बसलेल्या अवस्थेत सापडले आहेत, अंडी हातांखाली.

१९९३चा चित्रपट पिसांविना आला याचा दोष त्याला देता येत नाही. चीनमधल्या लियाओनिंग प्रांतातून पिसांसारखं आवरण असलेला पहिला डायनोसॉर, सायनोसॉरोप्टेरिक्स, १९९६ साली पुढे आला. त्यानंतर तिथूनच वेलोसिरॅप्टरच्या जवळच्या नातेवाइकांचे सगळ्या अंगावर पिसं असलेले जीवाश्म मिळत गेले. २००१च्या तिसऱ्या चित्रपटात नरांच्या डोक्यावर चार काड्या खोवल्या, पण हात तसेच उघडे राहिले. तोवर पुरावा समोर होता, तेव्हा हे मात्र चुकलंच म्हणायला हवं.

हातांची दुसरी चूक पिसांहून जास्त खोल आहे आणि ती चित्रकारांच्या, खेळणी बनवणाऱ्यांच्या हातून अजूनही होते. चित्रपटात वेलोसिरॅप्टरचे हात पुढे लोंबतात आणि तळवे जमिनीकडे असतात, पियानो वाजवायला बसल्यासारखे. आपला तळवा खाली-वर फिरतो कारण कोपराखालचं एक हाड दुसऱ्यावरून फिरू शकतं. या प्राण्यांत ती सोय नव्हती. त्यांचे तळवे एकमेकांसमोर, टाळी वाजवण्याच्या बेतात असल्यासारखे राहत. मनगटात अर्धचंद्राच्या आकाराचं एक छोटं हाड होतं. त्यावरून पंजा फक्त बाजूला, करंगळीच्या दिशेने दुमडत असे. आपणही हे करून बघू शकतो: दोन्ही हात पुढे धरा, तळवे समोरासमोर, मग मनगट न फिरवता बोटं खाली करंगळीच्या बाजूने वाकवा. आपल्याला थोडंसंच जमतं. त्यांना पंजा मागे पार दुमडता येई.

याहून चांगला पुरावा बाजारात मिळतो. चिकनच्या दुकानातून एक अख्खा पंख आणा, टोकासकट. कोपर हळूहळू सरळ करा आणि मनगटाकडे लक्ष ठेवा. मनगट आपोआप उलगडतं, पंखा उघडावा तसं. कोपर मिटलं की तेही मिटतं. आता मनगट उलट बाजूला वळवून बघा, तळवा खाली केल्यासारखं. सांध्याला ते मान्य नसतं; जोर लावला तर तो निखळेल. तीच हालचाल पडद्यावरचा वेलोसिरॅप्टर सारखी करत असतो. कोंबडीच्या छातीपुढे ‘वाय’ अक्षरासारखं जे हाड असतं, तेही वेलोसिरॅप्टरला होतं. १९९७ साली ते नेमकं दाखवलं गेलं.

दाराच्या कडीचा प्रश्न इथेच येतो. तळवा खाली करून कडी दाबणं त्याच्या हाताला जमणारं नव्हतं. बुद्धीचं म्हणाल तर शरीराच्या मानाने त्याचा मेंदू इतर बहुतेक डायनोसॉरांपेक्षा मोठा होता, हे खरं. पण तिसऱ्या चित्रपटात त्याला डॉल्फिन आणि माकडांपेक्षाही हुशार ठरवलंय, त्याला कुठलाही आधार नाही. एखाद्या मोठ्या, न उडणाऱ्या पक्ष्याइतकी समज धरली तर ती हाडांशी सुसंगत राहते.

शेपटीबद्दल थोडक्यात. शेपटीच्या मणक्यांवरचे हाडाचे काटे पुढच्या मणक्यांवर लांबवर पसरलेले असत. एकेक काटा चारपासून दहा मणक्यांपर्यंत पोहोचत असे. बांबूच्या कामट्या एकत्र बांधल्यावर जसा दांडा होतो, तशी शेपूट वर-खाली वाकत नसे. मात्र एका नमुन्यात तीच शेपूट बाजूला नागमोडी वळलेली सापडली आहे. म्हणजे आडव्या दिशेने ती लवचीक होती. वळण घेताना तोल राखणारी काठी म्हणून ती कामाची.

टोळीची गोष्ट सर्वांत जास्त लोकप्रिय आणि पुराव्याने सर्वांत कमकुवत. तिचा उगमही डायनोनिकसमध्येच आहे. मोंटानात एका ठिकाणी टेनोंटोसॉरस या मोठ्या शाकाहारी प्राण्याच्या अवशेषांसोबत अनेक डायनोनिकस सापडले. त्यावरून ऑस्ट्रम यांनी टोळीने शिकारीचा अंदाज मांडला. २००७ साली दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की हीच हाडं कोमोडो ड्रॅगन या महाकाय सरड्यांत दिसणाऱ्या प्रकारालाही बसतात: मेलेल्या जनावरावर अनेक जण जमतात, आपसांत भांडतात आणि त्यात काही मरतात. २०२०मध्ये डायनोनिकसच्या लहान आणि मोठ्या दातांतल्या कार्बनच्या वेगवेगळ्या प्रकारांचं प्रमाण तपासलं गेलं. पिल्लांचं खाणं प्रौढांपेक्षा वेगळं निघालं. लांडग्यांच्या कळपात मोठे मारून आणतात ते पिल्लं खातात. इथे तसं दिसत नाही. दुसऱ्या बाजूने, चीनच्या शानडोंगमध्ये या कुळाच्या मोठ्या प्राण्यांच्या सहा समांतर पाऊलवाटा आहेत. ते सोबत चालत होते असं त्यावरून म्हणता येतं. सोबत चालणं आणि ठरवून घेरणं यांत मात्र बरंच अंतर आहे. वेलोसिरॅप्टरचे सांगाडे गोबीत एकेकटेच सापडतात. एका कवटीवर तर दातांच्या खुणांच्या दोन समांतर रांगा आहेत. त्यांचं अंतर आणि आकार वेलोसिरॅप्टरच्याच दातांशी जुळतो आणि जखम भरून आल्याची खूण नाही. बहुधा त्याला आपल्याच जातीच्या दुसऱ्याने मारलं.

चित्रपटाने जे बरोबर केलं तेही तितक्याच आवर्जून सांगायला हवं. त्याचा प्राणी शेपूट जमिनीवर ओढत फिरत नाही. पाठ आडवी, मान सावध, डोक्याची हालचाल पक्ष्यासारखी झटकेदार. हे सगळं ऑस्ट्रम यांच्या कामातून आलेलं आहे. स्वयंपाकघराच्या दाराच्या गोल काचेवर त्याच्या श्वासाची वाफ जमते तो क्षण आठवा. थंड रक्ताच्या सरड्याच्या श्वासाने अशी वाफ धरत नाही. गरम रक्ताचा, धडधडत्या जिवाचा डायनोसॉर लाखो लोकांनी पहिल्यांदा पाहिला तो त्या काचेतून. सुरुवातीच्या चाचणीत या प्राण्यांना सापासारखी लपलपणारी जीभ दिली होती. सल्लागार जॅक हॉर्नर यांनी आक्षेप घेतला आणि ती काढली गेली. आवाजांचं म्हणाल तर ते सगळे आजच्या प्राण्यांचे: एकमेकांना साद घालण्याचा भुंकल्यासारखा आवाज मीलनाच्या वेळच्या कासवाचा आहे आणि फुत्कार हंसकुळातल्या गूज पक्ष्याचा. वेलोसिरॅप्टर कसा ओरडायचा हे हाडांत उरत नाही. रंगाचंही तसंच.

मुलांसाठी पुस्तक किंवा खेळणं घेताना चार जागी नजर टाकावी. तळवे समोरासमोर आहेत का. हातावरची पिसं मनगटापाशी न थांबता पुढे दुसऱ्या बोटापर्यंत गेली आहेत का. ती मनगटापाशी तोडलेली दिसली तर चित्रकाराने पक्ष्याचा पंख पाहिलेला नाही. पायाचं आतलं बोट उचललेलं आहे का. आणि शेजारी माणूस काढला असेल तर प्राण्याची कंबर त्याच्या गुडघ्यापाशी आहे का. दातांची संख्या किंवा रंग यांची काळजी करू नये. मागे जंगल काढलं असेल तर तेही खोडावं लागेल. हे प्राणी वाळूच्या टेकड्यांत, पाणी कमी असलेल्या कोरड्या मुलखात राहत. डोळ्यांतल्या हाडाच्या कड्यांची मापं सांगतात की वेलोसिरॅप्टर बहुधा अंधारात हिंडणारा होता. तेव्हा चित्रात रात्र असली तर उत्तम.

तो रोज काय खायचा याचाही थोडा पत्ता लागला आहे. एका ठिकाणी प्रोटोसेराटॉप्सचा जबडा मिळाला, त्यावर दातांचे ओरखडे आणि शेजारी वेलोसिरॅप्टरसारख्या प्राण्याचे पडलेले दात. जबड्यावर मांस असतंच किती. बाकीचं आधीच संपलेलं असणार, आणि जे चिकटून राहिलं ते तो खरवडत होता. २०१२ साली दुसरा एक सांगाडा प्रसिद्ध झाला. त्याच्या बरगड्यांच्या आत, पोटाच्या जागी, एका उडणाऱ्या सरीसृपाचं साडेसात सेंटिमीटर लांबीचं हाड आहे. तेवढा मोठा, जिवंत, उडणारा प्राणी या शिकाऱ्याला झेपला नसता. तो मेलेला मिळाला असावा. त्याच सांगाड्याची एक बरगडी कधीतरी मोडलेली आहे आणि मोडल्या जागी नवं हाड धरू लागलेलं दिसतं. दुखऱ्या कुशीने वाळूत हिंडताना त्याला ते कलेवर सापडलं असेल, आणि मांसाबरोबर हाडाचा तुकडाही त्याने तसाच गिळला.